कोच बदलायला निघालास, आधी कव्हरचे पाय बघ

कोच काढा म्हणे! कबड्डी मंडळाच्या बैठकीत तू उठलास, ठणकावून बोललास आणि चार जणांनी माना डोलावल्या. कारण काय? तर बचाव ढिला पडला, उपांत्य सामन्यात दोन लोण बसले. बरं. मग मला एवढंच सांग, त्या सामन्यात तू बघितलंस काय?

चढाईवाल्याचे गुण तुला तोंडपाठ. आपल्या लेफ्ट कॉर्नरने मारलेल्या एका अँकल होल्डचा व्हिडिओ तू अख्ख्या पिंपरी पेंढारभर फिरवलास. त्याच पकडीत लेफ्ट कव्हर कुठे उभा होता? चढाईवाल्याच्या कमरेला आधी हात कुणी घातला? आठवत नाही ना? कसं आठवेल? तुझी नजर तिथे गेलीच नव्हती.

आणि हे मी कुणाला विचारतोय? स्वतः कव्हरला खेळलेल्या गड्याला! साखळीतला हात एक क्षण आधी सुटला की काय होतं, हे तुला मी शिकवायचं? ज्याला खेळातलं ओ का ठो कळत नाही तो बोलला असता, तर मी कानाआड केलं असतं. तुला कळतं. कळून न कळल्यासारखं करतोस, त्याची चीड येते.

चढाई तीस सेकंदांची. चढाईवाला डावीकडे सरकला की लेफ्ट कॉर्नर मागे रेटला जातो, त्याचा हात धरलेला जोडीदार त्याच्याबरोबर मागे येतो आणि कव्हर अर्धं पाऊल आत घेतो. चढाईवाला वळला रे वळला की कॉर्नर घोट्यावर झेप टाकतो. झाली का पकड? नाही झाली. कव्हर वेळेवर अंगावर आला नाही, तर तो गडी कॉर्नरला फरफटत नेऊन मध्यरेषेला हात लावतो. कव्हर आला, तर गुण मिळतो, आणि टाळ्या कॉर्नरला. कोचची सगळी मेहनत त्या अर्ध्या पावलात असते. तू बघतोस टाळ्या.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्येही हेच दुखणं आहे. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी फळी धरून उभे राहतात. चेंडू फेकणारा आडवा झाला तरच लोकांना त्यांची आठवण होते. म्हणून 2015 पासून तिथे ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार देतात, तो एका खेळाडूला नाही, सबंध फळीला. ‘जो मूर’ हा अशाच फळ्या घडवणारा कोच. न दिसणारं काम जोखायचं तर डोळे ताणून बघावं लागतं, एवढं त्यांना उमगलं.

एवढ्या लांब जायला नको. 2018, जकार्ता, आशियाई खेळ. महिलांचं कबड्डीतलं सुवर्ण 2010 पासून भारताकडे होतं. अंतिम सामन्यात इराणने ते 27-24 असं हिसकावलं. इराणच्या कोच कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. आणखी जवळचं हवंय? 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणने 28-25 ने प्रो कबड्डी जिंकली. कप्तान अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. अस्लमचं नाव तू झोपेतही घेशील. त्या संघाचा कोच कोण होता? सांग की. बी. सी. रमेश. गप्प का बसलास?

आता तुझ्या सबबी. ‘एवढं बारीक कोण बघत बसणार?’ ज्याला कोचच्या पोटावर पाय द्यायचाय, त्याने बघायचं. ‘सगळेच तसं म्हणतात.’ सगळ्यांनी तुझ्या तोंडाकडे बघून मान हलवली, हे विसरलास? ‘शेवटी निकाल महत्त्वाचा.’ मग सरावाचा निकाल कुठाय? टोमॅटोचा तोडा सुरू झाला की अर्धी पोरं नारायणगावच्या मार्केटला. भरतीची तयारी करणारी पोरं संध्याकाळी पळायला. सात गडी एका वेळी मातीवर उतरत नाहीत, तर कोचने साखळी बांधायची कुणाची? पोरांच्या घरी जाऊन ‘तासभर सोडा’ म्हणायचं काम मंडळाने तुझ्याकडे दिलं होतं. किती उंबरे झिजवलेस?

कोच धुतल्या तांदळासारखा आहे, असं मी म्हणत नाही. त्याच्या चुका असतील आणि त्या काढल्याच पाहिजेत. पण काढायच्या तर नीट काढ. कॉर्नरने घाई करून एकट्याने उडी घेतली, ही चूक पहिल्या सामन्यात झाली तर पोराची. तीच चूक तिसऱ्या सामन्यात, त्याच जागी, त्याच पोराकडून झाली, तर कोचची. कॉर्नर बाद झाल्यावर त्याच्या जागी सरकलेल्या गड्याला पाय कुठे टाकायचा हे ठाऊक होतं का? तिघे उरले की सुपर टॅकलचा जादा गुण खुणावत असतो. तेव्हा आपली पोरं ठरल्या जागी उभी राहतात, की अंतिम रेषेला चिकटून एकमेकांची तोंडं बघतात? नव्या पोराचा हात साखळीत पहिल्या महिन्यात सुटायचा, तो आता टिकतो का? याची उत्तरं आण. ती कोचच्या विरोधात गेली, तर भर बैठकीत जाब मी विचारीन. तुला उठायचीही गरज पडणार नाही.

त्या सामन्याचं पूर्ण शूटिंग तुझ्याच मोबाइलमध्ये आहे. आज रात्री लाव. आवाज बंद कर. चढाईवाल्याकडे ढुंकून बघू नकोस, फक्त दोन्ही कव्हरचे पाय बघ. प्रत्येक चढाईला कोण वेळेवर हलला, कोण उशिरा, कुणाचा हात सुटला, वहीत मांड. रविवारी बैठकीच्या आधी ती वही माझ्या हातात पडली पाहिजे. कोरी आणलीस, तर कोचचा विषय काढायचा नाही.