अकास्टाचं तर्पण

८ जून १९४० रोजी नॉर्वेजवळच्या समुद्रात शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या जर्मन युद्धनौकांनी ब्रिटिशांची विमानवाहू ग्लोरियस बुडवली. तिच्या रक्षणाला असलेल्या आर्डंट आणि अकास्टा या विनाशिकाही गेल्या. बुडण्याआधी अकास्टाचा टॉर्पेडो शार्नहोर्स्टला लागला. अकास्टावरचा एकच खलाशी वाचला. आज शार्नहोर्स्टच्या प्रतिकृतीचा प्लास्टिक संच सहज मिळतो. अकास्टासारखी विनाशिका मात्र शोधावी लागते, आणि तो शोध बहुधा रेझिनपाशी येऊन थांबतो. प्लास्टिकला पोलादी साचा लागतो, त्याचा खर्च मोठ्या खपाशिवाय निघत नाही. रेझिन सिलिकॉन रबराच्या साच्यात हातानं ओततात. साचा लवकर झिजतो, ओतीवात बुडबुडे राहतात, सांगाडा कधी वाकडा निघतो. पण ज्या नावाला गिऱ्हाईक नाही त्यालाही आकार मिळतो. मृतांचं देणं त्यांच्या कीर्तीच्या हिशेबानं फेडायचं नसतं. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडतात. अनाम नौकेचा संच धुंडाळणाऱ्याची धडपड मला त्याच जातीची वाटते.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. युद्धनौका हे हत्यार आहे; त्याची देखणी प्रतिमा करणं म्हणजे हिंसेला सजवणं. शिवाय १:७०० या प्रमाणात अकास्टा जेमतेम चौदा सेंटिमीटरची होते आणि माणूस अडीच मिलिमीटरचा, म्हणून बहुतेक संचांत माणूस नसतोच. निव्वळ तोफांच्या कौतुकापुरती प्रतिकृती केली, तर हा आक्षेप मी मान्य करते. पण नेटका कारागीर आधी तारीख ठरवतो: त्या दिवशी रंग कोणता होता, होड्या कुठे टांगल्या होत्या. बुडण्याचा दिवस निवडला की मेलेल्यांना टाळून पुढे जाता येत नाही. स्मरण नौकेचं नव्हे, माणसांचं हवं, असंही कुणी म्हणेल. पण ज्यांचे देहच हाती आले नाहीत, त्यांच्या शोकाला टेकायला काहीतरी लागतं. ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या आयएनएस खुकरीच्या १९४ जणांसाठी दीवला स्मारक उभारलं, तेव्हा काचेच्या पेटीत ठेवली ती नौकेचीच प्रतिकृती. संचाच्या सूचनापत्रकावर तोफांचे क्रमांक आणि रंगांच्या छटा असतात. बुडालेल्या नौकेच्या पत्रकावर तिच्यासोबत गेलेल्यांचा आकडाही तितक्याच ठळक अक्षरांत छापायला हवा.