‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले



१३ मार्च १९९६. बुधवार होता, प्रायश्चित्तकाळाचा तिसरा आठवडा. मी तेव्हा शाळेत होतो. त्या संध्याकाळी आमच्या आळीतली जपमाळ नेहमीपेक्षा बरीच वेगाने आटोपली आणि सगळी पोरेटोरे शेजारच्या काकांच्या ओटीवर टीव्हीसमोर जमली. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. पहिल्याच षटकात श्रीनाथने जयसूर्या आणि कालुवितरणा या दोघांनाही परत पाठवले होते. पुढे अरविंद डिसिल्वाने धुलाई केली आणि श्रीलंकेच्या २५१ धावा झाल्या, तरी ओटीवर कुणालाच काळजी नव्हती. “आपण सहज मारू,” काका म्हणाले. ‘आपण’ हा शब्द लक्षात ठेवा.

सचिन ६५ धावांवर यष्टिचित झाला तेव्हा धावफलक होता ९८ वर दोन. तिथून आणखी २२ धावांत आणखी सहा गडी गेले. १२० वर आठ. प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकायला सुरुवात केली, स्टँडमध्ये जाळपोळ झाली. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळ थांबवला आणि सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद १० धावांवर असलेला आपला मुंबईचा विनोद कांबळी रडत रडत बाहेर आला. ते दृश्य आमच्या पिढीतला कुणीही विसरलेला नाही.

काकांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “यांना खेळता येत नाही तर जातात कशाला?” अर्ध्या तासापूर्वी जे ‘आपण’ होते ते आता ‘हे’ झाले होते. मीही मान डोलावली. घरी जाताना आईने विचारले, काय झाले? मी म्हणालो, “हरले.” ‘हरलो’ म्हणालो नाही.

पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ग्रंथालयात एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाविषयी वाचले आणि मला ती ओटी आठवली. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले होते, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येतात. सामन्याबद्दल विचारले तर जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणतात, हरल्यावर ‘ते’. म्हणजे आमचे काका काही वेगळे नव्हते. आणि सोमवारचा सदरा बदलणारी माणसे फक्त अमेरिकेत असतात असेही नाही. झावळ्यांच्या रविवारी यरुशलेमेत जमलेल्या गर्दीत आणि शुक्रवारी पिलातासमोर ओरडणाऱ्या गर्दीत किती चेहरे तेच होते, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण पेत्र तर तोच होता. गुरुवारी रात्री जेवणाच्या मेजावर तो ‘आपण’च्या भाषेत बोलत होता, तुमच्यासाठी जीव देईन म्हणत होता. पहाट होण्याआधी शेकोटीजवळ तो त्या माणसाला ओळखतही नव्हता.

पराभवाने माणूस दुखावतो, त्यात पाप नाही. ज्याच्यावर प्रेम केले त्याच्या हरण्याचे दुःख होणारच. प्रश्न पुढचा आहे. ते दुःख आपण ठेवतो कुठे? बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या डोक्यावर.

ब्राझीलचा गोलरक्षक मोआसीर बार्बोझा याची गोष्ट तुमच्यापैकी फुटबॉलवेड्यांना ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो. १६ जुलै १९५०. रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना, ब्राझीलविरुद्ध उरुग्वे. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती आणि पहिला गोलही त्यांनीच केला. मग उरुग्वेने बरोबरी साधली. अकरा मिनिटे उरली असताना घिग्गिया उजवीकडून धावत आला. आधीचा गोल त्याने चेंडू मध्ये दिल्यामुळे झाला होता, म्हणून बार्बोझाला वाटले की तो पुन्हा तेच करील. तो किंचित पुढे सरकला. घिग्गियाने सरळ फटका मारला आणि चेंडू बार्बोझा आणि खांब यांच्यामधून जाळ्यात गेला. २-१. मैदान स्मशानासारखे शांत झाले. (घिग्गिया पुढे गमतीने सांगायचा, की माराकाना फक्त तिघांनी गप्प केले : पोपसाहेबांनी, गायक फ्रँक सिनात्राने आणि मी. पोपसाहेबांना या यादीत पाहून मला हसू आले होते.)

बार्बोझा त्या काळातला जगातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता. पण त्या दिवसानंतर त्याची ओळख एकच राहिली. दोष प्रामुख्याने तीन खेळाडूंवर गेला आणि ते तिघेही काळ्या वर्णाचे होते, हेही नोंदवायला हवे. देशाने संघाचा पांढरा सदरासुद्धा अपशकुनी ठरवून टाकून दिला. आज आपल्या पोरांच्या अंगावर दिसणारा तो पिवळा सदरा त्यानंतरचा. सदरा बदलता आला, बार्बोझाला मात्र बार्बोझाच राहावे लागले. एकदा दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितले, की साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच. १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेट द्यायला गेला, तेव्हा त्याला आत येऊ दिले नाही. तो म्हणत असे, की माझ्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे. २००० साली एप्रिलमध्ये तो वारला. आणि हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश, बरे का. त्याच शहराच्या डोंगरावर हात पसरून ख्रिस्त उभा आहे.

१९९४ मध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला. दहा दिवसांनी, २ जुलैला, त्याच्याच गावी मेडेलिनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो सत्तावीस वर्षांचा होता. आपण म्हणू, तिथले लोक वेडे. पण २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड आपल्याच लोकांनी केली होती. चार वर्षांनी वानखेडेवर त्याने षटकार मारला तेव्हा आपण सगळे पुन्हा ‘आपण’ झालो.

लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात एक विधी आहे. अहरोनाने बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची सारी पापे त्याच्यावर घालायची आणि त्याला रानात सोडून द्यायचे. फ्रेंच विचारवंत रेने जिरार यांनी आयुष्यभर यावरच लिहिले : गर्दी दुखावली की तिला एक बकरा लागतो, आणि बकरा सापडला की गर्दीला बरे वाटते. ख्रिस्ताच्या क्रुसाने हा खेळ उघडा पाडला, कारण तिथे बकरा निर्दोष असल्याचे शुभवर्तमान ठामपणे सांगते. सेमिनरीत या विषयावर मी निबंध लिहिला होता. गुणही चांगले मिळाले होते.

हे मी का लिहितो आहे ते आता सांगतो. जानेवारीत धर्मग्रामांच्या फुटबॉल स्पर्धेत आपल्या युवकांचा संघ अंतिम फेरीत गेला आणि ६-० असा हरला. त्यातले दोन गोल अगदी सोपे होते, गोलरक्षकाच्या हातांतून निसटलेले. त्याच रात्री युवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या मुलाची चित्रे फिरू लागली. पुढच्या रविवारी मिस्साच्या शेवटी सूचना वाचताना मी वेदीवरून म्हणालो, की पुढच्या वर्षी गोलरक्षकाला आपल्या कोळी बांधवांकडून जाळे आणून देऊ. सगळे चर्च हसले. मला बरे वाटले. प्रवचनाला इतके हसणारे कधी मिळत नाहीत.

तो मुलगा गायकवृंदात उभा होता. त्यानंतर तो दिसला नाही. प्रायश्चित्तकाळ गेला, मी तुम्हाला प्रायश्चित्तावर सहा प्रवचने दिली, आणि माझ्या लक्षात आले नाही. पवित्र आठवड्यात त्याची आई कचेरीत आली. तक्रार करायला नाही, मिस्साचा हेतू द्यायला. जाता जाता एवढेच म्हणाली, “फादर, तो रविवारी सायकलने दुसऱ्या चर्चला जातो. तुम्ही रागावू नका.”

मी रागावू नये म्हणून ती मला विनवत होती!

आजच्या शुभवर्तमानात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसकडे निघाले आहेत. संत लूक अंतर देतात साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर, पायी अडीच-तीन तास. स्टेडियम हा शब्द याच मापावरून आला, ग्रीकांच्या धावण्याच्या मैदानाची ती लांबी होती. सामना हरल्यावर मैदानाकडे पाठ करून घरी निघालेल्या चाहत्यांचे हे चित्र आहे. काय काय आशा धरली होती ते ते बोलत आहेत, कुठे चुकले त्याची चर्चा करत आहेत. येशू त्यांच्या बरोबरीने चालू लागतो आणि आधी विचारतो, कशाबद्दल बोलता आहात? त्याला सगळे माहीत होते, तरी त्याने त्यांना त्यांचा पराभव सांगू दिला. नंतर त्याने त्यांना मंदबुद्धी म्हटले, हे खरे, पण आधी ऐकून घेतले, आणि ते वाटेवर, तिघांतच. आणि पेत्राशी तर तो त्याहूनही हळुवार वागला. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाची शेकोटी दोनदाच येते : एकदा पेत्राने नाकारले तेव्हा, आणि एकदा सरोवराच्या काठी, जिथे येशूने मासे भाजून ठेवले होते. तिथे त्याने पेत्राला तीनदा प्रेमाबद्दल विचारले. त्या रात्रीबद्दल एक शब्द काढला नाही. बाकीचे शिष्य बसलेले असताना तर नाहीच.

२०१४ मध्ये ८ जुलैला ब्राझील पुन्हा घरच्या मैदानावर हरला, बेलो होरिझोंचीत, जर्मनीकडून ७-१. त्यातले चार गोल सहा मिनिटांत झाले. टीव्हीवर एक वयस्क चाहता दिसला, क्लोविस फर्नांडिस. गेली कित्येक वर्षे तो प्रत्येक विश्वचषकाला चषकाची प्रतिकृती घेऊन जायचा. त्या दिवशी ती छातीशी धरून तो रडत होता. सामना संपल्यावर त्याने ती एका जर्मन चाहतीच्या हातात दिली. पुढच्या वर्षी तो कर्करोगाने वारला. मी त्याला संत म्हणत नाही. पण हरल्यावर ‘आम्ही हरलो’ म्हणणारा माणूस कसा दिसतो हे मला त्याच्याकडे पाहून कळले. त्याने सदरा बदलला नाही, आणि कुणाच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

पुनरुत्थानाच्या सोमवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो मागच्या वाडीत केळींना पाणी सोडत होता. मी माफी मागितली. तो “ठीक आहे फादर” म्हणाला, पण पाइपवरून नजर काढली नाही, म्हणजे ठीक नव्हते. मी तिथेच एका दगडावर बसलो आणि विचारले, त्या दिवशी काय झाले? बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. दुसऱ्या गोलाच्या वेळी त्याचे बोट मुरगळले होते. बदली गोलरक्षक नव्हता, म्हणून त्याने कुणाला सांगितले नाही. तो एकटाच उभा राहिला. आम्ही सगळे बाहेरून ओरडत होतो, मीसुद्धा.

हे सारे त्याला विचारून, त्याने वाचून होकार दिल्यावरच छापत आहे. मी वेदीवरून हसवले होते, म्हणून माफीही वेदीवरून मागणार आहे. आज तिन्ही मिस्सांना मागेन. ज्यांनी ती चित्रे पुढे पाठवली त्यांनी काय करायचे ते त्यांनी ठरवावे, मी त्यांची नावे शोधत बसणार नाही.

एक अट मात्र त्याने घातली. मी गोलात उभे राहायचे आणि त्याने पेनल्टी मारायच्या. गेल्या शनिवारी शाळेच्या मैदानावर ते झाले. दहापैकी नऊ आत गेल्या. दहावी आडव्या दांड्यावर आदळून परत आली, तर काठावरची पोरे म्हणाली, “फादर, वाचलो!”

तुमचा धर्मगुरू