तीन कोटी शब्दांचा आरोप

गरीब घरातील मूल शाळेत मागे पडते, कारण घरी त्याच्याशी पुरेसे बोललेच जात नाही, हा दावा बालसंगोपनाच्या पुस्तकांतून आणि पूर्वप्राथमिक शिक्षणावरील चर्चांतून इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की, त्याचा पुरावा मागणारा माणूसच अशास्त्रीय ठरू लागला आहे. मुलाच्या पीछेहाटीचा जाब शाळेला, मजुरीच्या दरांना आणि वस्तीतील गैरसोयींना विचारण्याऐवजी तो दिवसभर राबून आलेल्या आईला विचारला जातो, हा या दाव्याचा परिणाम गंभीर आहे आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी आवश्यक ठरते.

दाव्याचे मूळ बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकी संशोधकांच्या 1995 सालच्या पुस्तकात आहे. कॅन्सस सिटीतील 42 कुटुंबांत महिन्यातून एकदा तासभर जाऊन त्यांनी घरातील बोलण्याचे ध्वनिमुद्रण केले, मुलाला उद्देशून बोललेले शब्द मोजले आणि तासाच्या सरासरीला वर्षांच्या तासांनी गुणून असा निष्कर्ष काढला की, चौथ्या वर्षापर्यंत उच्च व्यावसायिकांच्या आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या मुलांत सुमारे 3 कोटी शब्दांची दरी पडते. या 42 कुटुंबांपैकी सरकारी मदतीवरील कुटुंबे अवघी 6 होती आणि ती सर्व कृष्णवर्णीय होती. बाहेरचा निरीक्षक यंत्र घेऊन घरात बसल्यावर त्या घरांतील बोलणे नेहमीसारखे राहिले असेल, हे केवळ गृहीत धरले गेले. त्याहून मोठी अडचण मोजणीच्या चौकटीत आहे. आईवडिलांनी थेट मुलाला उद्देशून बोललेले शब्द हाच भाषेचा मुख्य स्रोत मानला की आजी, मोठी भावंडे, शेजारी यांचे बोलणे आणि मुलाच्या देखत मोठ्यांनी आपसांत केलेले संभाषण हिशेबाबाहेर राहते. डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पाच समुदायांतील 42 मुलांच्या बाबतीत हे सारे बोलणे मोजले, तेव्हा ती सरळसोट दरी टिकली नाही आणि एकाच आर्थिक स्तरातील समुदायांतही मोठे फरक आढळले.

मुलाचे मन सहवासात घडते, हे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीपासून सर्वमान्य आहे. वाद आहे तो कोणाचा सहवास संस्कृती म्हणून गणला जातो आणि कोणाचा उणीव म्हणून, याविषयी. भाषेबाबतचा हा प्रश्न हिशेबाबाबतही पडतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात काराहेर पतिपत्नी आणि श्लीमान यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना आधी ग्राहक बनून हिशेब विचारले. पस्तीसचा एक नारळ, तर दहांचे किती, यावर एका बारा वर्षांच्या विक्रेत्याने दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचे ही शाळेतील युक्ती वापरली नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, अशी बेरीज चढवत तो साडेतीनशेवर पोचला. बाजारातील प्रश्नांची 98 टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली, तर त्याच मुलांना कागदावर नुसती आकडेमोड दिल्यावर हे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवर घसरले.

येथवर पाहता, गरीब मुलाला काहीच कमी नाही, केवळ मोजपट्टी परकी आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, मनातल्या मनात गुंतागुंतीचे हिशेब करणारी ही मुले शालेय पद्धतीच्या साध्या उदाहरणांत अडखळतात, आणि बाजारात काम न करणारी शाळकरी मुले बाजारी हिशेबात अडखळतात. एका संदर्भातील कौशल्य दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. बाजारातील हुशारीचे कौतुक करून थांबणे म्हणजे त्या मुलाला कायम बाजारातच ठेवणे होय. लेखी गणित आणि लेखी भाषा यांवर त्याचा पूर्ण हक्क आहे आणि दोहोंमधला पूल बांधणे हे शाळेचे काम आहे.

हे काम महाराष्ट्रात झालेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालशिक्षण सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, याचा अर्थ त्यांनी पालकांची अनास्था असा लावला नाही. बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, आणि धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेपासून दूर राहते हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा विकासवाडीत एकत्र आणल्या. माँटेसोरींच्या महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, खडे आणि पाने वापरात आली, मात्र शिकण्याचे ध्येय तसूभरही खाली आणले गेले नाही.

म्हणून पूर्वप्राथमिक अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी आणि अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण ठरवणाऱ्यांनी आयांना शब्दसंख्येचे धडे देण्याआधी, त्या वस्तीतील मुले घरी, रानात आणि बाजारात काय करतात आणि ते कोणाकडून शिकतात, याची नोंद करावी, आणि तेथून लेखी भाषेपर्यंत व लेखी गणितापर्यंत मुलाला नेण्याची जबाबदारी शाळेच्या नावावर लिहावी.