नोंद आणि क्षमा

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की पालकांपुढे संमतीचा कागद येतो. हल्ली तो कागदही नसतो. मोबाईलच्या पडद्यावर 'मान्य आहे' असा एक चौकोन असतो. आम्ही त्यावर बोट ठेवतो आणि आपापल्या कामाला लागतो. आम्ही काय मान्य केले, आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न मनाला शिवतही नाही.

निम्मे शिक्षण वर्गात व निम्मे पडद्यावर, ही पद्धत २०२० च्या टाळेबंदीनंतर घराघरांत रुळली. तिचे लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. आजारी मुलाचा धडा बुडत नाही; लाजाळू मुलाला एकच उदाहरण पाच वेळा पाहता येते. परंतु फळा मुलाकडे पाहत नसे. पडदा पाहू शकतो. मूल कोठे अडखळले, किती वेळ रेंगाळले, उत्तर कितीदा बदलले, याची नोंद होऊ शकते. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०२२ सालच्या अहवालासाठी ४९ देशांतील १६४ शैक्षणिक साधने तपासली. त्यांतील १४६ साधनांच्या माहिती हाताळण्याच्या रीती बालकांच्या हक्कांना बाधक वा धोक्याच्या आढळल्या. आपल्याकडील शासकीय 'दीक्षा' मंचावरील लाखो विद्यार्थी-शिक्षकांची माहिती असुरक्षित राहिल्याचे जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले.

कोणी म्हणेल, "आमच्या मुलाने लपवण्यासारखे काय केले आहे?" प्रश्न लपवण्याचा नाही. जुन्या गुरुजींनाही मुलाच्या साऱ्या खोड्या ठाऊक असत. पण त्यांच्या स्मरणात माया होती, म्हणून विस्मरणही होते. पाचवीतला उनाड मुलगा दहावीत शहाणा झाला, की पाचवीचे कोणी काढीत नसे. यंत्राच्या नोंदीला हा विवेक नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलाच्या चुकांचा हिशेब मागितला नाही. आम्ही मात्र तसा हिशेब मुले अजाण असतानाच परक्यांच्या हाती देत आहोत.

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. प्रायश्चित्त संस्कारातील गुपित धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करू नये, असे धर्मविधान सांगते. त्याच १९८३ च्या धर्मविधानाचे २२० वे कलम प्रत्येकाच्या नावलौकिकाचे व खाजगीपणाचे रक्षण करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यांत शैक्षणिक कार्य व सुरक्षितता यांसाठी शाळांना काही सवलतीही आहेत. म्हणजे जेथे कायदा सैल होतो, तेथे सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

मुले ही आमची मालमत्ता नव्हे. ती परमेश्वराने सोपवलेली ठेव आहे. ठेवीचा कारभारी दुसऱ्याच्या वतीने सही करताना चार प्रश्न विचारतोच: कोणती माहिती घेता? कशासाठी? कोण पाहणार? केव्हा पुसणार? पालक सभेत हे विचारणे उद्धटपणाचे नाही. आणि आमच्या धर्मप्रांतांच्या, धर्मभगिनींच्या शाळांनी तर ते विचारले जाण्याची वाट पाहू नये. ज्या शाळेच्या भिंतीवर क्रूस आहे, तेथे मुलाच्या चुका पुसण्याचीही सोय असली पाहिजे.