सात दिवसांची उचल

डिसेंबर उजाडला की गावोगावी कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेल्या गाड्या येऊन थांबतात. शाळेच्या वर्गांत सतरंज्या पडतात, चौकात फ्लेक्स लागतो, सकाळी प्रभातफेरी निघते. मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य आणि गाणी. सातव्या दिवशी समारोप, सरपंचांच्या हस्ते सत्कार, ग्रुप फोटो आणि गाडी परत. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे आपल्या एनएसएसचं, हिवाळी शिबिर.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. सुरुवातीला ३७ विद्यापीठं होती आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, असा तिचा साधा हिशोब. तिच्या बोधवाक्याचा अर्थ आहे 'मी नाही, तुम्ही'.

या शिबिरांविषयी दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ही सगळी सेल्फीची आणि वाढीव गुणांची भानगड आहे, गावाला शून्य फायदा. दुसरं म्हणतं, काही का असेना, पोरं चार दिवस मोबाइल सोडून मातीत हात घालतात, त्यांच्या मनात चांगलंच असतं. दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही बघतात ते फक्त विद्यार्थ्याकडे. त्याचा हेतू खरा की खोटा, एवढाच वाद. मी मात्र दुसऱ्या बाजूला वाढले. पंढरपूर तालुक्यातलं करकंब हे माझं गाव. त्या बोधवाक्यातले जे 'तुम्ही', ते आम्ही.

करकंब खेडं म्हणावं तर मोठं आहे आणि शहर म्हणावं तर नाही. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागतं. ऊस, द्राक्षं, पानमळे, आठवडी बाजार. पैसा आहे, आणि पैसा नसलेली माणसंही भरपूर आहेत. शाळेत असताना मी आमच्या गावात शिबिर आलेलं पाहिलं. शिबिर यायचं म्हणजे गावाला आधी आठवडाभर काम. कुणी गॅसच्या टाक्या द्यायच्या, कुणी मोठी पातेली, कुणी ज्वारी. मुलींच्या अंघोळीची सोय कुणाच्या घरी, दुधाचं कोण बघणार, रात्री सोबतीला शाळेत कोण झोपणार, हे सगळं ठरायचं. माझी आज्जी ओट्यावर बसून बघायची आणि म्हणायची, "पोरं झाडायला आल्यात, खराटा मातुर आपलाच." हे ती रागानं म्हणत नव्हती. तिला ती पोरं आवडायची. त्यांच्यासाठी तिनं स्वतः शेंगाची चटणी कांडून दिली होती. तिला गंमत एवढीच वाटायची की फ्लेक्सवर सेवा त्यांची लिहिली होती.

आज्जीच्या त्या वाक्यात मला पुढं एक प्रश्न दिसायला लागला. मदत करायला आलेला माणूस आणि मदत घेणारा माणूस, यांच्यातला देणारा कोण हे ठरवतं कोण?

हा प्रश्न जगात इतरांनीही विचारला आहे. १९६८च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोत इव्हान इलिच नावाचा विचारवंत अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभा राहिला. ही मुलं सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाणारी होती. इलिचनं त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचे चांगले हेतू घेऊन घरी जा. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. त्याचं म्हणणं होतं, ज्या लोकांची भाषा तुम्हाला येत नाही, ज्यांना तुम्हाला 'नको' म्हणण्याची सोय नाही, त्यांच्यावर तुम्ही आपलं चांगुलपण लादता.

इलिचचं निम्मं म्हणणं मला पटतं. 'नको' म्हणण्याची सोय हा त्यातला खरा मुद्दा आहे. गावातल्या कुठल्या गल्लीत श्रमदान होणार हे बहुतेक वेळा ज्यांच्या घरी चहा झाला त्यांच्यात ठरतं. ज्या वस्तीची साफसफाई होते, त्या वस्तीला कुणी विचारलेलं नसतं. आपल्या दारात वीस अनोळखी मुलं मास्क लावून खराटे घेऊन उभी राहिली, तर आपल्याला मदत झाल्यासारखं वाटेल की आपण घाण आहोत असं कुणी सांगितल्यासारखं? उत्तर त्या दारात राहणाऱ्यालाच माहीत.

पण इलिचचं उरलेलं निम्मं आपल्याकडे लागू पडत नाही. त्याच्यासमोरची मुलं परदेशी होती. आपल्याकडच्या शिबिरातला विद्यार्थी बऱ्याचदा शेजारच्याच तालुक्यातला असतो. त्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं. तो आज सेवा देणारा आहे आणि उन्हाळ्यात त्याच्याच गावात टँकर आला की तोच रांगेत आहे. देणारे आणि घेणारे अशा दोन जाती इथं नाहीत. मग त्याला 'येऊ नको' म्हणणं हेही खोटंच. त्यानं यावं, पण कशासाठी आलोय याचं नाव बरोबर ठेवावं.

हे नाव काय असावं, हे मला एका संध्याकाळी थोडंसं कळलं. मी तेव्हा अकरावीत होते. बाहेरच्या एका कॉलेजचं शिबिर गावात होतं आणि त्यांना सर्वेक्षण करायचं होतं. गावातलं कुणीतरी बरोबर हवं म्हणून मी गेले. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. शिबिराचा काळ आणि हंगाम नेमका एकच असतो, पण शिबिर गावाच्या मध्यावर असतं आणि टोळ्यांच्या कोप्या गावाच्या कडेला. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ही माणसं दरवर्षी येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम म्हणजे उचल, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. पहाटे अंधारात फडात जायचं, गाडी आली की रात्रीही मोळ्या भरायच्या, आणि मुलं बरोबर असली की त्यांची शाळा बुडायची.

आम्ही एका कोपीसमोर बसलो. दोन मुली फॉर्म भरत होत्या. नाव, वय, मुलं किती, शिक्षण, शौचालय आहे का, व्यसन आहे का. बाई सगळ्याची उत्तरं देत होती, हातानं भाकरी थापत. फॉर्म संपला तशी म्हणाली, "झालं का तुमचं? आता म्या इचारू?" आणि तिनं विचारलं. तुमची फी किती, कोण भरतं, घरी कोण कोण, लग्नाचं बघतात का, शिकून नोकरी लागणार का. मुली आधी हसल्या, मग गंभीर होऊन उत्तरं द्यायला लागल्या. एकीनं सांगितलं की वडिलांनी फीसाठी शेळ्या विकल्या. बाईनं मान हलवली. त्या दोघींच्या सबंध सर्वेक्षणात खरी बातचीत एवढीच झाली असेल.

मग तिनं चहा ठेवला. कोरा, गुळाचा. फॉर्म भरणारी एक मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "नको नको मावशी, तुम्हाला कशाला त्रास." बाईचा हात थांबला. "आमच्या हातचा चालत न्हाई का?"

त्या मुलीच्या डोक्यात तसलं काहीही नव्हतं. तिला वाटलं, यांच्याकडे आधीच कमी आहे, आपण त्यातलं का घ्यावं. पण आपल्या मातीत चहा-पाणी नाकारण्याला एक इतिहास आहे. ज्या पंढरपूर तालुक्यात आम्ही बसलो होतो, तिथल्या विठ्ठलाच्या मंदिराचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं होतं. कुणाच्या हातचं घेतलं जातं आणि कुणाच्या नाही, यावर इथं पिढ्यान् पिढ्या माणसाची किंमत ठरली. त्यामुळे गरिबाकडून काही न घेणं ही दया आहे असं आपल्याला वाटतं, तेव्हा समोरच्याला ते वेगळं ऐकू येऊ शकतं. सोबतची दुसरी मुलगी हुशार होती. ती सरळ चुलीपाशी सरकली आणि म्हणाली, "मला कप भरून द्या, मावशी, थंडी वाजतेय." सगळ्यांनी चहा घेतला.

त्या संध्याकाळी आम्ही बाईला काय दिलं? काहीच नाही. एक फॉर्म, ज्याचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही. तिनं वेळ दिला, माहिती दिली, चहा दिला आणि आपल्याकडे बघण्याची एक नजर दिली. सेवेचा हिशोब मांडायचा तर जमेची बाजू पूर्ण आमची होती.

आणि हे लपवायचं कारण नाही. एनएसएसचं उद्दिष्टच मुळात समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास असं आहे. म्हणजे लाभार्थी कोण, हे योजनेनं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, विसरतो आपण. बाबा आमट्यांनी सोमनाथला तरुणांची छावणी भरवायला सुरुवात केली, तिचं नाव त्यांनी 'श्रमसंस्कार छावणी' ठेवलं. संस्कार कुणावर? येणाऱ्यांवर. तिथं जंगलातली जमीन कसून उभी केलेली माणसं कुष्ठरोगातून उठलेली होती. ज्यांना जग दयेचा विषय मानत होतं ती यजमान, आणि कॉलेजची धडधाकट पोरं त्यांच्याकडे काम शिकायला आलेली. देणारा-घेणारा ही मांडणीच तिथं उलटी झाली.

गाडगेबाबांचंही असंच. ते गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन. झाडून झालं की रात्री कीर्तन, आणि भाकरी त्याच गावाची, मडक्याच्या खापरात. 'मला काही नको' असा त्यांचा आविर्भाव नव्हता. भाकरी घेत होते म्हणून त्यांना बोलण्याचा हक्क होता, आणि कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत सुटायचे. शिवाय खराट्यावर ते थांबले नाहीत. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभी केली, कारण वारीला येऊनही ज्यांना कुणी ओसरी देत नव्हतं त्यांना छप्पर हवं होतं. एका सकाळच्या झाडण्यानं ते भागणारं नव्हतं.

इथं तुम्ही विचाराल, पूर आला तर? सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला महापूर आला आणि आमच्या शेजारच्या माढा तालुक्यात घरंच्या घरं चिखलानं भरली. तिथं काय तत्त्वज्ञान सांगत बसायचं? अजिबात नाही. तिथं फावडं घ्यायचं आणि चिखल काढायचा. पण चिखल काढतानाही कुठली पेटी उघडायची, भिजलेली कुठली कागदं वाळवायची आणि काय फेकून द्यायचं, हे त्या घरातल्या बाईला विचारावं लागतं. संकट असलं तरी घर तिचंच असतं. घाई आहे म्हणून तिचं मत बाजूला ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सात दिवसांत घेतलेल्या गोष्टींचं ओझं एकोणीस वर्षांच्या मुलांवर कशाला? आणि ऋण म्हटलं तरी वसूल कोण करणार? बहुतेकजण विसरतील. खरं आहे, विसरतील. पण आपण दान केलं असं ज्याला वाटतं, त्याला आठवण ठेवायचं कारणच उरत नाही. दिलं, संपलं, फोटो टाकला. घेतलं आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या डोक्यात निदान एक नोंद राहते.

म्हणून मला 'सेवा' या शब्दापेक्षा कोप्यांमधलाच शब्द जवळचा वाटतो: उचल. मजूर आधी पैसे घेतो आणि मग हंगामभर तोडून फेडतो. विद्यार्थी गावाकडून सात दिवसांत भाकरी, वेळ, विश्वास आणि माणसं वाचायची अक्कल उचलतो. फरक एवढा की मजुराच्या उचलीला मुकादम आहे, आपल्या उचलीला कुणी नाही. त्या बाईला फडात उभं राहून एकेक मोळी मोजून द्यावी लागते. आपल्याला कुणी हटकत नाही.

फेडायची जागा बहुतेक ते गाव नसेलच. शिबिरात आलेल्यांपैकी कुणी पुढे तलाठी होईल, कुणी बँकेत बसेल, कुणी नर्स, कुणी मास्तर, कुणी कारखान्याच्या शेतकी विभागात. एखाद्या दुपारी खिडकीसमोर एक बाई उभी राहील. रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्याचं, मुलाचा दाखला अर्धवट, अंगठा मशीनवर उमटत नाही. 'उद्या या' म्हणणं सोपं असेल आणि नियमातही बसेल. तिचा उद्याचा दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं त्या वेळी काय करावं, एवढाच सेवेचा प्रश्न आहे. सात दिवसांच्या शिबिरात तो सुटत नाही, फक्त माहीत होतो.

यंदा तुमची गाडी कुठल्या गावात थांबली, तर ज्यांच्या दारात जाल त्यांना आधी विचारा, आम्ही येऊ का. नको म्हणाले तर परत फिरा. चहा दिला तर प्या. आणि परतीच्या गाडीत, आपण काय दिलं याची यादी करण्याऐवजी काय घेतलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ते पान पुढं नोकरीच्या टेबलाच्या खणात राहू द्या.