बाजेला चौघांचा हात



आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. राहुरीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर पक्के रस्ते नव्हते, तेव्हा आजारी माणसाला दवाखान्यात कसे नेत असत? त्याला बाजेवर निजवायचे, चौघांनी बाज उचलायची आणि चिखल तुडवीत निघायचे. याला हा आजार स्वतःच्या चुकीने झाला की नशिबाने, याचा निवाडा वाटेत कोणी करीत नसे. आधी दवाखाना, मग बाकीचे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात अशीच एक बाज आहे. कफर्णहूम गावात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात. दारात गर्दी असते. ते माघारी फिरत नाहीत. छप्पर उघडतात आणि त्याला प्रभू येशूपुढे खाली सोडतात. प्रभू त्या उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो. आजारी माणूस स्वतः तर एक शब्दही बोललेला नसतो.

हे आज सांगण्याचे कारण आहे. काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक आई मागे थांबली. तिच्या परवानगीने, ओळख न देता लिहितो. तिचा मुलगा नोकरीसाठी शहरात होता. सुट्टीत घरी आला तो तीन रात्री झोपला नाही. जेवण नाही, अंग तापलेले, छातीत धडधड, आणि ‘बाहेर माणसे उभी आहेत, मला मारतील’ असा एकच घोष. घरच्यांनी दार लावून घेतले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा केला. आई मला म्हणाली, “फादर, प्रार्थना करा, पण कोणाला सांगू नका.” मुलगा त्यातून वाचला, ही देवाची कृपा. पण त्या तीन रात्री त्याच्या बाजेला हात लावायला दुसरे कोणी नव्हते.

त्या मुलाने घेतले होते ते मेफेड्रोन. मुले त्याला ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात. ते शेतात पिकत नाही, रसायनांपासून तयार करतात. आपल्या देशात २०१५ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. हे मुंबईचे दुखणे आहे, असे समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. दुसरे आहे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढवण्याचे हे औषध काही मुले व्यायामाला जोर यावा म्हणून, काही नशेसाठी टोचून घेतात.

अशा पदार्थांनी थोडा वेळ तरतरी येते, भूक आणि झोप मरते. पण हृदय चाबूक मारलेल्या बैलासारखे धावू लागते. रक्तदाब चढतो, अंगाची उष्णता वाढते. झटके येऊ शकतात, तरुण वयातही हृदयविकार किंवा पक्षाघात होऊ शकतो. भास होतात, संशय वाढतो. एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. नशा उतरल्यावर येते ती खोल उदासी. त्या दिवसांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून त्याला एकटे सोडू नये.

अशी वेळ घरात आली तर काय करावे? त्याच्याशी वाद घालू नका, मारू नका, गर्दी हटवा. हवेशीर, गार जागी बसवा, घट्ट कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या, एकदम तांब्याभर पाजू नका. शांत व्हावा म्हणून दारू किंवा घरातली झोपेची गोळी मुळीच देऊ नका. झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. झटका थांबल्यावर कुशीवर वळवा. बेशुद्धी, झटका, छातीत दुखणे, श्वासाला त्रास, अंग भाजल्यासारखे तापणे किंवा न आवरणारे भास, यांपैकी एक जरी दिसले तरी ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना खरे सांगा, काय घेतले आणि केव्हा घेतले. आणि भास झाले म्हणजे बाहेरची बाधा झाली, असे समजून देवऋषाकडे जाऊ नका. माझ्याकडेही आधी आणू नका. आधी दवाखाना. मी तिथे येऊन प्रार्थना करीन.

प्रियजनहो, कफर्णहूमच्या घराला छप्पर होते, तसे आपल्या घरांनाही एक आहे. त्याचे नाव ‘लोक काय म्हणतील’. ते उघडल्याशिवाय आपला आजारी मुलगा प्रभूपर्यंत आणि उपचारापर्यंत पोहोचणार नाही. कोणाला पोलिसांची भीती वाटते. पण जवळ थोडा पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर १९८५ च्या कायद्यातच त्याला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद आहे. उपचार पुरा मात्र करावा लागतो. आणि कोणी मुलाला साखळीने बांधून ठेवत असेल तर ते पाप आहेच, शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला मनाई आहे.

या व्यसनावर एका गोळीचा उतारा नाही. समुपदेशन, नियमित झोप-जेवण, काम आणि माणसांची साथ यांनी हळूहळू फरक पडतो. १४४४६ या सरकारी क्रमांकावर व्यसनमुक्तीची माहिती विनामूल्य मिळते, तर १४४१६ वर मानसिक आधार मिळतो. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. म्हणजे एका धर्मग्रामाने आपले दार उघडले, तिथून ते काम उभे राहिले. २६ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनीही हेच सांगितले, की प्रत्येक व्यसनी माणसाची स्वतःची कहाणी असते, ती ऐकून घ्यावी आणि त्याच्यावर प्रेम करावे.

बरा होऊन आलेला मुलगा पुन्हा घसरेलही. तेव्हा ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणू नका. बाज पुन्हा उचला. एक कोपरा घरच्यांनी धरावा, एक डॉक्टरांनी, एक त्या वाटेने जाऊन सावरलेल्या एखाद्याने. चौथा कोपरा आपल्या धर्मग्रामाचा आहे, आणि तो आजवर बहुतेक रिकामाच राहिला आहे. ज्या घराचे दार लागलेले आहे, तिथे या आठवड्यात आपल्यापैकी कोणीतरी जावे. उपदेश करायला नव्हे, त्या आईजवळ बसायला.

शेवटी पेटीला खांदा द्यायला सगळेच येतात. त्याआधी बाजेला हात द्यायला येऊ या.

हे प्रभो, त्या चौघांचा विश्वास आम्हांला दे. तुझ्यापर्यंत चालत येण्याचे बळ ज्यांना उरले नाही, त्यांना उचलून आणण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.