भय आणि अपराध

राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून स्फुरला. ती कथाही मुळात स्टीफन किंगच्या एका कथेवर बेतलेली. (नाव तेवढे श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चे, कथानकाशी त्याचा संबंध नाही.) कथेचा प्रपंच लहान : अंथरुणाला खिळलेली वृद्धा आणि तिच्याजवळ एकटा राहिलेला मुलगा. त्या बालकाचा अपराध काय? काहीच नाही. चित्रपटाला हे निरपराध भय सोसवले नाही. त्याने आजीला पूर्वार्धात ठेवले, हस्तर नावाचा पूजेस मुकलेला देवपुत्र कल्पिला आणि १९१८ पासून १९४७ पर्यंत विनायकाला त्याच्या सुवर्णमुद्रांमागे धाववले. भोगाला कारण लाभले. कर्मफल मानणाऱ्या आपणांस हे सुखावते.

मला मात्र कथाच अधिक बोचते. आमच्या संकेश्वरी शंकरलिंगाच्या गाभाऱ्यापुढे एखादी माता आजारी लेकरू कडेवर घेऊन ‘याने कोणते पाप केले?’ असे विचारते, तेव्हा लोभाचे उत्तर तिला कसे द्यावे? तरीही चित्रपटाअखेरीस पांडुरंग बापाने पुढे केलेले सोने नाकारतो. कथेतल्या मुलापुढे नाकारण्याजोगे काही आलेच नव्हते.